संकलकाला पैसे कशाचे मिळतात?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ मला भेटायला आले. एसटीत वाहक आहेत. मुलगा नुकताच बारावी झालेला आणि त्याने घरात जाहीर केलेलं, 'मला व्हिडिओ एडिटर व्हायचंय.' शहरातल्या एका खासगी संस्थेने वर्षभराच्या अभ्यासक्रमाची फी अडीच लाख रुपये सांगितली होती. संगणकाचे लाख-सव्वा लाख वेगळेच. माहितीपत्रकावर 'शंभर टक्के नोकरीची हमी' असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. सोसायटीतून कर्ज काढायची त्यांची तयारी होती. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "सर, यात पोट भरतं का?"

प्रश्न सरळ होता, पण उत्तर एका शब्दात देता येईना. महिना पंधरा हजारांवर वर्षानुवर्षं राबणारी मुलं या व्यवसायात मी पाहिली आहेत आणि एका चित्रपटाचे काही लाख घेणारे संकलकही पाहिले आहेत. दोघांसमोरचा संगणक जवळपास सारखा, सॉफ्टवेअरही बहुतेक वेळा तेच. मग मिळकतीत एवढा फरक का पडतो? आज त्याविषयीच थोडं बोलू या.

आधी कामाबद्दल. एडिटर म्हणजे नको तो भाग कापून टाकणारा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. समजा, एका शेतकऱ्याची दीड तासाची मुलाखत घेतलेली आहे आणि दाखवायची आहेत फक्त चार मिनिटं. बोलता बोलता तो माणूस थांबतो, आटलेल्या विहिरीकडे पाहतो आणि मग पुन्हा बोलू लागतो. त्या तीन सेकंदांत एकही शब्द नाही. नवशिक्या मुलगा ती तीन सेकंदं 'रिकामी' म्हणून कापतो. जाणकार संकलक ती ठेवतो आणि त्यानंतरची दोन वाक्यं कापतो, कारण त्या वाक्यांत जे सांगायचं होतं ते त्या नजरेने आधीच सांगितलेलं असतं. दोघांनीही बटणं तीच दाबली. फरक पडला तो कुठे दाबायची या निर्णयात. या व्यवसायातल्या पैशाचं सगळं गणित या फरकाभोवती फिरतं.

हे पूर्वीपासून असंच होतं का? पूर्णपणे नाही. फिल्मच्या जमान्यात संकलनाच्या खोलीत प्रत्यक्ष कात्री आणि चिकटपट्टी असे. फिल्मच्या तुकड्यांवर क्रमांक टाकणं, ते टांगून ठेवणं, मागितला की नेमका तुकडा क्षणात काढून देणं ही सहायकाची कामं. त्यात चार-पाच वर्षं सहज जात. पगार तुटपुंजा, पण उस्तादाच्या मागे उभं राहून निर्णय कसे घेतले जातात ते पाहायला मिळे. पुण्यात १९६० साली प्रभातच्या जागेत सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाचं शिक्षण मिळू लागलं. तिथेच शिकलेल्या रेणू सलुजा यांना खरं तर दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं. तिथे प्रवेश मिळाला नाही म्हणून त्या संकलनाकडे वळल्या. पुढे 'जाने भी दो यारो', 'अर्धसत्य', 'परिंदा' अशा चित्रपटांवर त्यांच्या कात्रीची मोहोर उमटली आणि संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना चार वेळा मिळाला.

१९८९ साली अमेरिकेत 'अ‍ॅव्हिड' ही संगणकावर संकलन करण्याची प्रणाली बाजारात आली. आपल्याकडे १९९२ नंतर खासगी वाहिन्या सुरू झाल्या आणि अशा यंत्रांची गरज झपाट्याने वाढली. पण यंत्र लाखो रुपयांचं, ते कोण विकत घेणार? मग एडिट रूम तासाच्या भाड्याने मिळू लागल्या. त्या काळात ज्याला ते यंत्र चालवता येई, त्याला वाहिन्या शोधत येत. कोणतं बटण कशासाठी, हे ठाऊक असण्याचेही चांगले पैसे मिळत.

१९९९ मध्ये 'फायनल कट प्रो' आलं आणि घरच्या संगणकावर हे काम होऊ लागलं. २००३ सालच्या 'कोल्ड माउंटन' या हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटाचं संकलन वॉल्टर मर्च यांनी याच साध्या सॉफ्टवेअरवर केलं. आज 'डाविंची रिझॉल्व्ह'सारख्या व्यावसायिक दर्जाच्या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती चक्क फुकट मिळते आणि मोबाइलवर तर शाळकरी मुलंही व्हिडिओ जोडतात. यंत्र स्वस्त झालं, तसं नुसतं यंत्र चालवण्याचं मोलही उतरलं. एकेकाळी टंकलेखनाची परीक्षा पास झालेल्याला हमखास नोकरी लागे. आज टंकलेखन सगळ्यांनाच येतं, पण नेटका मजकूर लिहिणारे काही त्या प्रमाणात वाढले नाहीत. संकलनाचंही तेच झालं आहे. म्हणून जी संस्था वर्षभर फक्त सॉफ्टवेअर शिकवते, ती जे स्वस्त झालं आहे तेच महाग विकते.

आता प्रत्यक्ष मिळकतीकडे वळू. या व्यवसायात पैसे पाच वेगवेगळ्या मार्गांनी मिळतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला मार्ग मासिक पगाराचा. वृत्तवाहिन्या, जाहिरात संस्था, डिजिटल कंपन्या, शिक्षणसंस्थांचे व्हिडिओ विभाग इथे तो मिळतो. मुंबई-पुण्यात नवख्या मुलाला साधारण पंधरा ते पंचवीस हजारांच्या आसपास सुरुवात करावी लागते. वृत्तवाहिनीत पाळ्यांमध्ये काम असतं, रात्रपाळी चुकत नाही. बातमी आली की दहा मिनिटांत दृश्यं जोडून द्यायची. हात वेगवान होतो, दडपणाखाली काम करायची सवय लागते. पण पाच वर्षं दहा-दहा मिनिटांचं काम करणाऱ्याला तासाभराची गोष्ट रचायची सवय राहत नाही, हा त्यातला धोका. पगारही एका टप्प्यावर येऊन थांबतो. पुढे जायचं तर पर्यवेक्षक व्हावं लागतं किंवा बाहेर पडावं लागतं.

दुसरा मार्ग मालिकांचा. इथे हिशेब बहुधा एपिसोडवर किंवा पाळीवर असतो. दैनंदिन मालिकेचा जवळजवळ बावीस मिनिटांचा भाग रोज तयार व्हावा लागतो. चित्रीकरण संध्याकाळी संपतं आणि एडिटरचा दिवस तेव्हा सुरू होतो. मालिका चालू आहे तोवर पैसा नियमित येतो. ती अचानक बंद झाली, की पुढच्या महिन्यापासून काहीच नाही.

तिसरा मार्ग चित्रपटांचा. इथे एकरकमी ठराव होतो आणि हप्ते पडतात. काही रक्कम आधी, काही पहिला कट दाखवल्यावर, काही सेन्सॉरची प्रत तयार झाल्यावर. अनेकदा शेवटचा हप्ता 'प्रदर्शनानंतर' असतो. हा शब्द दिसला की सावध व्हावं. बनलेल्या सगळ्याच मराठी चित्रपटांना चित्रपटगृह मिळत नाही आणि चित्रपट डब्यात राहिला तर हप्ताही डब्यातच राहतो. कामाला चार महिने लागतील असं सांगितलेलं असतं, प्रत्यक्षात आठ लागतात. रक्कम मात्र तीच.

चौथा मार्ग लग्नांचा. या व्यवसायाबद्दल बोलताना त्याचा उल्लेख कोणी फारसा करत नाही, पण मुंबई-पुण्याबाहेर संकलकांना सर्वांत जास्त काम तोच देतो. सांगली, जळगाव, लातूर, कुठेही जा. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि फोटो स्टुडिओवाल्यांच्या हार्ड डिस्क एडिटरकडे येऊन पडू लागतात. दर एका लग्नामागे ठरतो. चातुर्मासात काम ओसरतं. म्हणजे सहा-सात महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचं. ज्याने हे शेतकऱ्यासारखं ओळखलं तो टिकतो. लोक या कामाला नाक मुरडतात, पण तीन दिवसांच्या गोंधळातून वधूच्या वडिलांचे डोळे भरून आले तो क्षण शोधून काढणं ही काही लहान परीक्षा नाही.

पाचवा मार्ग यूट्यूब आणि रील्सचा. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्सची सोय दिली. तेव्हापासून डॉक्टर, वकील, सराफ, आमदार अशा सगळ्यांनाच व्हिडिओ हवे आहेत. काम भरपूर आहे आणि घरबसल्या मिळतं. पण त्या जूनमधला एक धडा विसरू नये. केवळ एका व्यासपीठाच्या आधाराने पोट भरणाऱ्यांचं काम तेव्हा एका रात्रीत गेलं.

या पाचव्या मार्गातला हिशेब नीट मांडून पाहायला हवा, कारण बहुतेक तरुण आज इथूनच सुरुवात करतात. समजा, एका रीलचे सहाशे रुपये ठरले. मुलगा म्हणतो, 'तीन तासांचं काम, तासाला दोनशे मिळाले.' पण फूटेज उतरवून घेण्यात एक तास गेला. मराठी उपशीर्षकं टाकण्यात एक तास. मग मालकाने संगीत बदलायला सांगितलं, नंतर त्याच्या भावाला रंग आवडला नाही, शेवटी पहिलंच संगीत परत घालायचं ठरलं. तीन वेळा दुरुस्त्या, त्यात चार तास. एकूण झाले नऊ तास. म्हणजे तासाला सदुसष्ट रुपयेसुद्धा पुरते पडले नाहीत. आता दुसरीकडे महिना चोवीस हजारांची नोकरी घ्या. सव्वीस दिवस, रोज नऊ तास, म्हणजे दोनशे चौतीस तास. तासाला एकशे दोन-तीन रुपये पडतात. जो मुलगा स्वतःला स्वतंत्र व्यावसायिक समजत होता, तो नोकरदारापेक्षा एक तृतीयांश कमी मिळवत होता, शिवाय वीजबिल आणि संगणकाची झीज त्याच्याच पदरची. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण वहीत रोज तास लिहिल्याशिवाय आपला खरा दर किती हे कोणालाच कळत नाही. ही वही हे संकलकाचं पहिलं हत्यार आहे, असं मी नवीन मुलांना सांगतो.

दुसरं हत्यार म्हणजे लेखी ठराव. माझाच अनुभव सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका निर्मात्याची माहितीपट मालिका मी केली. माणूस गोड बोलणारा, चहापाणी उत्तम. काम संपल्यावर मी विश्वासाने सगळ्या टेप त्याच्या हवाली केल्या. शेवटचा एक तृतीयांश हप्ता 'पुढच्या आठवड्यात' येणार होता. तो पुढचा आठवडा अजून यायचा आहे. माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता आणि अडवून धरायला मालही नव्हता. चूक त्याची होती हे खरं, पण दार मीच उघडं टाकलं होतं.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. काम सुरू करण्याआधी निदान एका ई-मेलवर ठरलेली रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि दुरुस्त्या किती वेळा फुकट करून देणार हे लिहून घ्यावं. दोन वेळा हा आकडा रास्त आहे, तिसऱ्या वेळेपासून वेगळे पैसे. निम्मी नाही तरी तिसरा हिस्सा रक्कम आधी घ्यावी. पाहण्यासाठी द्यायची प्रत कमी दर्जाची आणि मधोमध आपलं नाव असलेली द्यावी, अंतिम प्रत पैसे जमा झाल्यावर. यात उद्धटपणा काही नाही. शिंपीसुद्धा शिलाई घेतल्याशिवाय कपडा देत नाही.

कायद्याचाही आधार आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ साली झाला. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून नोंद असलेल्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ही मुदत पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी मुदत ठरलीच नसेल तर पंधरा दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि त्यासाठी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. घरातल्या खोलीत एकट्याने काम करणारा संकलकही 'उद्यम' पोर्टलवर अशी नोंद करू शकतो. ती ऑनलाइन होते आणि फुकट होते. मात्र काम घेण्याआधी करून ठेवावी, भांडण झाल्यावर नव्हे. चित्रपट आणि मालिकांत काम करणाऱ्यांची मुंबईत 'असोसिएशन ऑफ फिल्म अँड व्हिडिओ एडिटर्स' ही संघटनाही आहे. लग्नं आणि रील्स करणाऱ्यांच्या पाठीशी मात्र अशी जुनी संघटना नाही, म्हणून त्यांना कागद जास्तच जपावे लागतात.

आता भविष्याविषयी. कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर संकलक राहतील का, असं हल्ली सगळेच विचारतात. २०२३ मध्ये 'अडोबी प्रीमियर'मध्ये अशी सोय आली की बोललेल्या शब्दांचा मजकूर पडद्यावर दिसतो आणि त्यातलं वाक्य खोडलं की दृश्यही कापलं जातं. बोलण्यातले खंड आपोआप काढणं, उपशीर्षकं टाकणं, आडवं चित्र उभं करणं हे आता यंत्र करतं. यात सहायकाचं काम सर्वांत आधी जात आहे. मला काळजी वाटते ती इथे. शिडीची पहिली पायरीच काढून घेतली तर नवीन मुलं वर चढणार कशी? सहायकाचं काम कंटाळवाणं होतं, पण दहा-दहा तासांचं फूटेज डोळ्यांखालून घालताना नजर तयार होत होती. आता ती नजर मुलांना स्वतःहून, पगाराशिवाय कमवावी लागणार आहे.

पण यंत्राला रिकाम्या वाटणाऱ्या खंडात त्या शेतकऱ्याची विहिरीकडे गेलेली नजरही असते, हे आपण सुरुवातीला पाहिलं. तो खंड ठेवायचा की काढायचा, हे विचारायला माणूसच लागेल. त्यासाठी सॉफ्टवेअरपलीकडची तयारी हवी. भाषा हवी, कारण शुद्ध मराठीत उपशीर्षकं करणारा एडिटर आजही शोधावा लागतो. ताल-लय कळली पाहिजे. गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे रेंगाळते, हे ओळखता आलं पाहिजे. असा माणूस संकलकाच्याच खुर्चीत राहतो असंही नाही. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'चं संकलन करणारे हृषीकेश मुखर्जी पुढे दिग्दर्शक झाले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेले राजकुमार हिरानी आधी एडिटर होते, मग त्यांनी २००३ मध्ये 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' दिग्दर्शित केला. सगळे काही तिथे पोहोचत नाहीत. पण या कामात गोष्ट सांगण्याची जी समज येते, तिला बाहेरही किंमत आहे.

शरीराचं मात्र सांभाळावं लागतं. अंधाऱ्या खोलीत रोज दहा-बारा तास बसण्याची किंमत पाठ, मान आणि डोळे मोजतात, ती कोणत्याच बिलात लावता येत नाही. आणि मुलींच्या पालकांनी एक गोष्ट जरूर विचारावी, रात्रपाळीनंतर घरी सोडायला गाडी आहे का?

त्या वाहक गृहस्थांना मी काय सांगितलं? म्हटलं, कर्ज आत्ता काढू नका. मुलाला कुठल्याही शाखेची पदवी पूर्ण करू द्या, कारण फिल्म इन्स्टिट्यूटच्या संकलनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसायचं तरी पदवी लागतेच. तोवर फुकटचं सॉफ्टवेअर ओळखीच्या कोणाच्या संगणकावर शिकू द्या. गावातल्या स्टुडिओत सुटीत बसू द्या, आणि तीन-चार लग्नं, एक जत्रा, आजीची एक मुलाखत असं काहीतरी कापून आणू द्या. 'हमी' देणाऱ्या संस्थेला विचारा, गेल्या वर्षीची किती मुलं कुठे लागली आणि किती पगारावर. त्यांची नावं मागा आणि त्यांना फोन करा.

ते उठताना म्हणाले, "म्हणजे पोट भरतं, पण उशिरा."

मी म्हटलं, "भरतं. पण बटणं दाबण्याचे पैसे दरवर्षी कमी होत जाणार आहेत. त्याला नेमकं कशाचे पैसे मिळवायचेत, ते आधी त्याचं त्याला ठरवू द्या."

दिवाळीनंतर त्यांच्या मुलाने मला त्याचं पहिलं काम पाठवलं, आजीची सहा मिनिटांची मुलाखत. जोड ओबडधोबड होते, आवाज वरखाली होत होता. पण मध्ये एका ठिकाणी आजी बोलायची थांबते आणि चुलीकडे पाहत राहते. ते त्याने कापलं नव्हतं.